दात दुधात ठेवा

रामदासपेठेत दर दहा पावलांवर दवाखान्याची पाटी दिसते. इथं राहणाऱ्याला वाटतं, काही झालं तर डॉक्टर आहेतच. मलाही तसंच वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा नातू सायकलसकट फाटकावर आदळला. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. "नाना, माझा दात!" म्हणत त्यानं तो माझ्या हातावर ठेवला. मी काय केलं? नळाखाली धरून साबणानं घासला, रुमालानं कोरडा केला आणि कागदाच्या पुडीत बांधला. दवाखान्यात पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पुडी उघडून डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "चाचा, घरी दूध नव्हतं का?"

दूध होतं. चहासाठी काढून ठेवलं होतं.

दाताच्या मुळावर एक पातळ, जिवंत आवरण असतं. त्याच्याच जोरावर दात हाडाशी पुन्हा जुळतो. ते घासलं की निघतं, वाळलं की मरतं. साध्या पाण्यात फार वेळ ठेवलं तर त्यातल्या पेशी फुगून फुटतात. दुधातले क्षार मात्र या पेशींना मानवतात. डेन्मार्कचे येन्स ओवे आंद्रेआसन यांनी याच विषयाला आयुष्य वाहिलं. दात तासभर कोरडा राहिला, तर या पेशी बहुधा जगत नाहीत, असं आज मानतात.

म्हणून पडलेला दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती असेल तर दुधात नुसता विसळावा. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर तिथल्या तिथे खाचेत सरळ बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. हात धजत नसेल (माझा धजला नसता) तर थंड दुधात बुडवून दंतवैद्याकडे धावावं. तुटलेला तुकडाही टाकू नये, पुष्कळदा तो चिकटवता येतो. दात सापडलाच नाही तर डॉक्टरांना सांगावं, कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. आणि मूल बेशुद्ध झालं, उलट्या करू लागलं, तर दात राहू द्या, आधी मोठं हॉस्पिटल गाठा.

हे सारं पक्क्या दातांसाठी. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते. तो खुशाल कौलावर फेका.

आपल्या भाषेत दातओठ खाणं आहे, दातखीळ आहे. मीही आता दातांच्या कण्या करून सांगत सुटतो: सायकलवर हेल्मेट घाला, तोंडात ब्रश किंवा पेन्सिल धरून पळू देऊ नका. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले असतात, त्या मुलांना इजा जास्त होते, त्यांना वेळीच दाखवा. हॉकी, बॉक्सिंग, कबड्डी खेळणाऱ्यांसाठी दातांवर बसवायचं माउथगार्ड मिळतं. मेडिकलच्या शासकीय दंत महाविद्यालयातही लहान मुलांचे दात पाहतात.

नातवाचा दात डॉक्टरबाईंनी बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. पण त्याचं मूळ आता हळूहळू विरघळतं आहे. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत कायमचा कृत्रिम दात रोवता येत नाही. दर सहा महिन्यांनी एक्स-रे असतो. त्याला घेऊन मीच जातो.