लघवी-शौचावरील ताबा सुटणे : कारण ओळखा, मग उपचार

लघवी किंवा शौचावर ताबा न राहणे हे लक्षण आहे. उपचार त्यामागच्या कारणावरून ठरतो.

खोकताना, हसताना लघवी गळत असेल, तर श्रोणितळाचे स्नायू बहुधा सैल झालेले असतात. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आकुंचनाचे व्यायाम निदान तीन महिने करावेत. गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. अचानक घाई होऊन गळती होत असेल, तर दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवतात आणि मूत्राशय शिथिल करणारी औषधे देतात. मात्र प्रोस्टेट वाढल्यामुळे तुडुंब भरलेले मूत्राशय थेंबथेंब गळत असेल, तर याच औषधांनी लघवी तुंबू शकते. म्हणून शंका असल्यास आधी सोनोग्राफीने मूत्राशयात उरलेली लघवी मोजतात.

शौचाचेही तसेच. वृद्धांमध्ये कडक मलाचा खडा अडकून त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. त्याला जुलाब समजून औषध दिल्यास त्रास वाढतो. तिथे बद्धकोष्ठ दूर करणे हाच उपचार. बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटला असल्यास व्यायाम, बायोफीडबॅक किंवा शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

लाजेपोटी पाणी कमी पिण्याने बद्धकोष्ठ वाढते, गळती थांबत नाही. रायपूर परिसरातील रुग्णांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या तेथील एम्समध्ये मूत्रशल्यचिकित्सा विभाग आहे.