अनाहूत नाद

सभामंडपात वक्त्याचा ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की जी कर्कश शिट्टी उठते, तिचा अनुभव नाही असा श्रोता विरळाच. परंतु तीच क्रिया ध्वनिक्षेपकाच्या मध्यस्थीवाचून ॲम्प्लिफायरच्या पेटीतल्या पेटीत घडू शकते, आणि इलेक्ट्रिक गिटारसाठी आजही हौसेने वापरल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरात ती घडली म्हणजे वादक आणि कारागीर या दोघांचीही भंबेरी उडते. बाहेर पडणाऱ्या ध्वनिसंदेशाचा काही अंश अनुकूल कलेत आणि पुरेशा प्रमाणात प्रवेशद्वाराशी परत पोचला, की त्या यंत्राला वादकाची गरज उरत नाही.

वास्तविक हा परतावा, म्हणजेच फीडबॅक, कित्येकदा मुद्दाम योजलेला असतो. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला १९२७ साली हडसन नदी ओलांडताना नावेत असे सुचले, की निर्गमाचा थोडा भाग उलट्या कलेने मागे आणल्यास यंत्राची शक्ती घटली तरी त्याचे दोषही घटतात. फेंडर कंपनीच्या बासमनमध्ये आणि त्याच्याच आराखड्यावरून १९६२ च्या सुमारास लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात घडवलेल्या ॲम्प्लिफायरातही कर्ण्याकडून मागे जाणारी अशी तार आहे. मात्र नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवताना आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर विरोध करण्यासाठी नेमलेला हा परतावा साहाय्य करू लागतो आणि यंत्र सुरू होताच किंचाळते. त्या दोन तारा परस्पर बदलल्या की तंटा मिटतो.

खरी कसोटी लागते ती ऐकू न येणाऱ्या दोलनांशी. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची. त्यापलीकडे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमुळे संदेश मागे रेंगाळत जातो, आणि खालच्या स्वरांना शिस्तीत ठेवणारा फीडबॅक तेथे फितूर होतो. शिट्टी ऐकू येत नाही, पण सुरांना खरखरीत काठ येतो, आवाज दबतो, आणि अंधाऱ्या खोलीत पाहिले तर व्हॉल्व्हच्या प्लेटा लाल झालेल्या दिसतात. आणखी एक प्रकार एकट्या व्हॉल्व्हपुरता असतो: ईएल३४ सारख्या तीक्ष्ण व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेली लांब तार स्वतःच वेटोळ्याचे काम करते आणि तेवढ्यावरच दोलन उभे राहते. म्हणून ग्रिडच्या वाटेवर रेझिस्टन्स घालण्याचा शिरस्ता आहे, फेंडरमध्ये बहुधा १,५०० ओमचा आणि मार्शलमध्ये ५,६०० ओमचा. पण तो सॉकेटच्या पिनेलाच टेकलेला हवा, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला रेझिस्टन्स असून नसल्यासारखा.

चौकशी करावी ती वाटा एकेक बंद करून. आवाजाची कळ शून्यावर नेल्याने दोलन थांबले, तर परतीची वाट कळेच्या आधीच्या भागातून जाते. न थांबले तर तो भाग निर्दोष. मग आउटपुट व्हॉल्व्हना संदेश पुरवणारा फेज इन्व्हर्टर उपसून काढावा. तरीही दोलन टिकले तर गुन्हेगार आउटपुट व्हॉल्व्हच, आणि थांबले तर फीडबॅकची तार सोडवून पाहावी. त्यानंतर कोरड्या लाकडी काडीने प्लेटच्या तारा ग्रिडच्या तारांपासून दूर सारीत जावे. पुष्कळदा एका विशिष्ट तारेला काडी लागताच आवाज स्वच्छ होतो आणि तहकीकात तेथेच संपते. या पेटीत ४०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. ज्याला ते रिकामे करता येत नाहीत, त्याने झाकण उघडूच नये. (बोटीच्या इंजिनासारखी संथ फटफट येत असेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यातल्या जुन्या फिल्टर कंडेन्सरांचा.)

१९६५ साली फेंडर कंपनी सीबीएसच्या ताब्यात गेली आणि पुढे तिच्या रुपेरी दर्शनी पट्टीच्या ॲम्प्लिफायरांत तारांची मांडणी ढिसाळ होत गेली. तीवर उतारा म्हणून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून जमिनीपर्यंत २,००० पिकोफॅरडचे कंडेन्सर जोडण्यात आले. दोलन दबले खरे, पण वरच्या स्वरांची धारही थोडी बोथट झाली. आणि आज शौकीन लोक ते कंडेन्सर काढून टाकतात, तेव्हा तारा नीट लावल्या नसतील तर जुना उपद्रव पुन्हा डोके वर काढतो. माझ्या मते असा कंडेन्सर जोडणे ही दुरुस्ती नव्हे, तडजोड आहे. तेव्हा आपला ॲम्प्लिफायर नवा कंडेन्सर बसवून दुरुस्तीहून परत आला, तर आधी तारा हलवून पाहिल्या होत्या काय, एवढे कारागिराला अवश्य विचारावे.