पूरधोका, रस्ते व पुलांचा
पुरामुळे एखादा रस्ता वा पूल कोठे, कितपत व किती काळ निकामी होऊ शकेल, याचा आगाऊ अंदाज करणे म्हणजे त्याच्या पूरधोक्याचे मूल्यमापन होय. यात पुराची संभाव्यता, बांधकामातील उणिवा व वाहतूक तुटल्याचे परिणाम यांचा एकत्रित विचार करतात.

हिंगोली जिल्ह्याच्या (स्थापना १९९९) उत्तर सीमेवर पैनगंगा, मध्यभागी कयाधू व दक्षिणेस पूर्णा या नद्या आहेत. येथील काळी माती भिजली म्हणजे फुगते व तिची भारक्षमता घटते. त्यामुळे रस्त्यांचे भराव खचतात. ओढ्यांवरील फरशी पूल पाणी वरून जाऊ देण्याच्या हेतूनेच बांधलेले असतात. ते पुरात टिकतात, परंतु गावांचा संपर्क तुटतो. जुलै २०२२ मध्ये आसना नदीचे पाणी वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात शिरले.

मूल्यमापनात प्रथम पाणलोट क्षेत्र, पर्जन्यमान, धरणांतील विसर्ग व जुन्या पूरखुणा यांवरून महत्तम विसर्ग व पूरपातळी ठरवितात. मोठे पूल सामान्यतः शतवर्षीय पुरासाठी आखतात. असा पूर शंभर वर्षांनीच येतो, ही समजूत चुकीची आहे. त्याची संभाव्यता दर वर्षी १ टक्का असते. ५० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सु. ४० टक्के होते.

त्यानंतर पुलाची तपासणी करतात. विसर्ग दर सेकंदास ३०० ते ३,००० घ.मी. असल्यास पूरपातळी व पुलाचा तळ यांत किमान १·२ मी. अंतर लागते. गाळे अपुरे असल्यास वा झाडेझुडपे अडकल्यास पाणी तुंबते व जोडरस्त्याचे भराव वाहून जातात. खांबांभोवतीची माती खरवडली जाऊन पाया उघडा पडण्याचा धोकाही गंभीर असतो. हे पाण्याखाली घडत असल्याने सहज दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात कोसळून एस.टी. बसगाड्या वाहून गेल्या व अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले.

शेवटी पर्यायी मार्ग पाहतात. रुग्णालयाकडे नेणारा एकमेव मार्ग फरशी पुलावरून जात असेल, तर पूल भक्कम असूनही त्याची उंची वाढविण्यास अग्रक्रम द्यावा लागतो. तोवर पातळीदर्शक खांब उभारणे व पाणी वरून वाहताना वाहतूक रोखणे, हे उपाय आवश्यक ठरतात.