मंदीत घरच्या जनावरांचा हिशेब

धंदा मंदावला की आपण व्यापारी पहिली कात्री घरखर्चाला लावतो. मग घरात कोणीतरी विचारतेच, "या शेळ्या आणि ही कबुतरे आता कशाला पोसायची?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर वहीत आकडे मांडून द्यावे, असे आमचे मत आहे.

मुरुडला आमचे कापडाचे दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि आमची उधारी थकली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा आमच्या घरी चार शेळ्या आणि मुलाने हौसेने पाळलेली कबुतरे होती. पाणी टँकरचे, विकतचे. उन्हाळ्यात मोठ्या शेळीला दिवसाला पाचेक लिटर पाणी लागते. म्हणजे चार शेळ्यांना महिन्याला ६०० लिटर. हा आकडा आम्ही पूर्वी कधी मांडलाच नव्हता.

कडबा महाग झाला. 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणत आम्ही आधी खुराक कमी केला, मग बंदच केला. शेळ्या वाळल्या, दूध आटले, एक गाभडली. शेवटी विकायला काढल्या, तेव्हा बाजारात सगळेच विकणारे. पडेल त्या भावात तीन शेळ्या द्याव्या लागल्या. कबुतरे मुलाने ओळखीच्या शौकिनाला दिली. यात दुष्काळाइतकाच दोष आमचाही होता.

कापडाचा तागा फळीवर पडून राहिला तर भांडवल अडकते, पण ताग्याला भूक लागत नाही. जनावराचा चारा हे कारागिराच्या मजुरीसारखे रोजचे देणे आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि मोकळेही सोडले नाही, हा तिचा गुन्हा. तेव्हा पोसणे झेपत असेल तर पोटभर पोसावे. नसेल तर जनावर धडधाकट असतानाच दुसऱ्याच्या हाती द्यावे.

आपल्या धाराशिव-लातूर भागातील उस्मानाबादी शेळी काटक आहे. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी करडे देते. मंदीत तिचा आधार होतो, पण पोट भरले तरच. मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळलेला चारा आणि पाव किलो खुराक धरावा. चार शेळ्यांचा नुसता खुराकच महिन्याला ३० किलो होतो. शेळ्या-कोंबड्यांचा खर्च उत्पन्नासमोर लिहावा. मांजर-कबुतरांचा शौकाच्या खात्यात, वेगळा.

रब्बी ज्वारी निघताच कडबा भरून ठेवावा. सरकारी दवाखान्यातून पीपीआरची लस टोचून घ्यावी. जनावरे कमी करायची असतील तर दिवाळीनंतर विहिरीचे पाणी पाहून ठरवावे, उन्हाळ्याची वाट पाहू नये.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले, तेव्हा आमच्याकडे दोनच शेळ्या होत्या आणि कडबा नुकताच भरला होता. दुकानाला कुलूप होते, गल्ला रिकामा होता. पण शेळ्या उपाशी राहिल्या नाहीत आणि घरच्या चहाला दूध मिळत राहिले.