‘आई, मला उचल म्हणत नाहीये, टीमला म्हणतोय!’

मागे एकदा आमच्या बचत गटाची बैठक झाली, हप्त्यांचा हिशेब लागला आणि बोलणं घसरलं ते पोरांच्या मोबाइलवर. हे नेहमीचंच. पण त्या दिवशी एकीनं विचारलं, "माझा पोरगा रात्री अंधारात ओरडतो, ‘मला उचल, मी पडलोय, लवकर उचल!’ मी धावत गेले तर पठ्ठ्या कॉटवर आडवा. कोणाला सांगत होता गं?" कोणालाच उत्तर देता येईना. मग ठरलं, शिव्या घालायच्या आधी तो खेळ तरी कळू दे. तिच्याच कॉलेजात जाणाऱ्या पोराला मास्तर केलं आणि चार बुधवार आम्ही सहा जणी त्याच्यासमोर बसलो. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते आज सांगतो.

खेळाचं नाव बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. पब्जी मोबाइलवर सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो खेळ भारतासाठी या नव्या नावानं आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि २०२३ मध्ये परतला. पोरं अजून पब्जीच म्हणतात.

खेळ असा. विमानातून १०० जण छत्री घेऊन एका बेटावर उतरतात. हातात काहीच नसतं. घराघरात शिरून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी गोळा करायची, याला ‘लूट’ म्हणतात. बेटावर एक मोठं वर्तुळ असतं, तो ‘झोन’. तो लहान लहान होत जातो आणि बाहेर राहिलेल्याचा जीव कमी कमी होतो, म्हणून सगळ्यांना आत सरकावंच लागतं. शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. एकट्यानं खेळला तर सोलो, दोघं मिळून ड्युओ आणि चौघं मिळून स्क्वाड. सुरुवातीला त्या शंभरांत बरेच गडी कॉम्प्युटरनं चालवलेले असतात, त्यांना ‘बॉट’ म्हणतात. नव्या पोराला वाटतं आपण फार तरबेज, तर मारलेले निम्मे बॉटच!

खरी गंमत आणि खरी भानगड स्क्वाडमध्ये आहे. गोळी लागून जीव संपला तरी गडी लगेच बाद होत नाही. तो ‘नॉक’ होतो, गुडघ्यावर रांगतो आणि त्याचा उरलेला जीव गळत राहतो. तेवढ्यात जोडीदारानं जवळ येऊन काही सेकंद थांबून त्याला उठवलं, तर तो पुन्हा खेळात. यालाच ते ‘उचल’ म्हणतात. आपल्या कबड्डीत समोरचा गडी बाद केला की आपला बसलेला गडी उठून येतो ना, त्याच जातीची गोष्ट. फरक इतकाच की इथं उठवायला गेलेला स्वतः उघड्यावर येतो. म्हणून एकजण उचलतो, दुसरा ‘कव्हर’ देतो, म्हणजे शत्रूच्या दिशेला गोळ्या झाडून त्याला डोकं वर काढू देत नाही. चौघंही एकाच वेळी नॉक झाले की अख्खा स्क्वाड बाद. आणि चौघांतला एकटा जरी शेवटपर्यंत उरला, तरी विजय चौघांचा, आधी मेलेल्यांचाही.

हे कळल्यावर आमचं एक जुनं भांडण उलगडलं. आपण म्हणतो, "ठेव तो मोबाइल, जेवायला ये." पोरगं म्हणतं, "मॅच संपू दे." या खेळाला मधेच थांबवायचं बटण नाही. एक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि आपला पोरगा मधेच उठला, तर उरलेले तिघं चौघांशी लढतात. मग शिव्या यालाच. आम्ही आता जेवणाच्या आधी अर्धा तास सांगतो, "ही शेवटची." हे बहुतेक वेळा चालतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

बोलण्याचीही एक रीत आहे. पडद्याच्या वरच्या बाजूला दिशांची पट्टी असते. उत्तर म्हणजे ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. "एकशेऐंशीला दोघं!" असं पोरगं ओरडलं, तर दक्षिणेला दोन शत्रू आहेत. नुसतं "तिकडे, तिकडे" म्हणणाऱ्याचा काही उपयोग नसतो. आवाज बंद असेल तर नकाशावर खूण करता येते. ज्याच्याकडे गोळ्या जास्त तो दुसऱ्याला देतो. सगळं आपल्याच पोत्यात भरणाऱ्या गड्याला परत कोणी टीममध्ये घेत नाही. हे ऐकून आमच्यातल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, का ते गटाला ठाऊक आहे.

आम्हाला शिकायला टीम डेथमॅच बरी पडली. त्यात चौघांविरुद्ध चौघं, छोटंसं मैदान, मेलं तरी लगेच पुन्हा जिवंत. जी टीम आधी ४० जणांना मारेल ती जिंकली, नाहीतर दहा मिनिटांत खेळ संपतो. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं आणि गोळी झाडायची. आमच्यातली एक पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आता काळजीचं. चार मित्र जमले नाहीत तर खेळ अनोळखी माणसं जोडून देतो आणि माइक चालू असेल तर तुमचं लेकरू त्यांच्याशी बोलत असतं. ते कोण, किती वयाचे, काही कळत नाही. शिकवणाऱ्या पोराची बहीणही खेळते, मुलाचं नाव लावून आणि माइक बंद ठेवून. मुलीचा आवाज ऐकला की काही जण घाण बोलतात, म्हणाली. आम्हाला राग आला, पण तिनं दाखवलं की आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक बंद करता येतो आणि घाण बोलणाऱ्याची तक्रारही करता येते. गाव, शाळा, फोन नंबर सांगायचा नाही, हे मुलग्यांनाही तितकंच सांगायला हवं.

आणि पैसा. खेळ फुकट आहे, पण कपडे, बंदुकीचे रंग विकत मिळतात. त्यासाठी ‘यूसी’ नावाचं खेळातलं चलन खऱ्या रुपयांनी घ्यावं लागतं. त्या रंगीत कपड्यांनी अंगाला गोळी लागायची थांबत नाही, पण टीममध्ये साध्या कपड्यातल्याला ‘नूब’ म्हणून चिडवतात. आमच्या एका सभासदाच्या खात्यात गटाची वसुली होती. त्यातून तीन आठवड्यांत थोडे थोडे करून २,३०० रुपये गेले. पोरानं चोरी केली असं आधी वाटलं. मग तिनंच बैठकीत मान खाली घालून सांगितलं, "पिन मीच दिला होता. मला बारीक अक्षर दिसत नाही, दुकानात तोच टाकून द्यायचा." आमच्यापैकी निम्म्या जणींचा पिन पोरांना ठाऊक निघाला. त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांचे पिन बदलले, फोनमधली अक्षरं मोठी केली आणि गटाचा पैसा घरच्या खात्यात ठेवायचा नाही असा ठराव लिहिला. तिनं दोन हप्त्यांत पैसे भरले, पोरगं सुट्टीत कांदे काढायला जातंय.

टीममधल्या कोणी "फुकट यूसी देतो, ओटीपी सांग" म्हटलं तर ती फसवणूक. पैसे गेलेच तर १९३० नंबरवर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितकं अवघड. २०२३ मध्ये खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवली होती. पण वय खोटं टाकलं तर ती मर्यादा लागत नाही, तेव्हा खातं उघडताना शेजारी बसा. आणि रमीसारखे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन डाव वेगळे, त्यांच्यावर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. ते घरातले बाप्ये खेळत असतील तर त्यांनाही हे ऐकवा.

गेल्या बुधवारी आम्ही चौघी पोरांच्या टीमविरुद्ध उतरलो. ४० विरुद्ध ६ नं हरलो. त्या सहांतले चार, भिंतीकडे तोंड करून उभी राहणाऱ्या मावशींनी मारले. पुढच्या बुधवारी बैठक झाली की परत बसणार आहोत. येताना चार्जर आणा, समाजमंदिरात बोर्ड एकच आहे.