चढावर गाडी का दमते?

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलच्या विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हापासून जुन्या गाडीची कुठलीही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘पेट्रोलच तसं येतंय, त्याला कोण काय करणार?’ पिकअप गेला, पेट्रोल. मिसिंग करते, पेट्रोल. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, पेट्रोल.

हे वाक्य पूर्ण खोटं नाही, हीच खरी अडचण आहे. निम्मं खरं असलेलं निदान माणसाला तपासापासून लांब ठेवतं. माझी २००६ सालची छोटी पेट्रोल गाडी पसरणी घाटात बसकण मारायला लागली, तेव्हा या निम्म्या सत्याची किंमत मी तीन गॅरेजमध्ये मोजली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले, तिसऱ्याने टाकीतला फ्युएल पंपच नवा बसवला. सपाट रस्त्यावर गाडी उत्तम चालायची. वाई सोडून दोन वळणं चढली की मात्र धाप लागल्यासारखी व्हायची, मग हिसके आणि शेवटी पहिला गिअर. ‘आता ई-२०ला इलाज नाही,’ असं सांगून तिसऱ्या गॅरेजने मला मोकळं केलं.

ज्यांनी दोष शोधला ते वाईतले एक वयस्कर मिस्त्री. त्यांची शोधायची पद्धत हाच या लेखाचा विषय आहे.

आधी प्रश्न, मग पाना

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, ‘काय झालंय ते मी बघतो. गाडी कधी रुसते तेवढं तुम्ही सांगा.’ मग प्रश्न सुरू झाले. थंड असताना का गरम झाल्यावर? जागेवर उभी असताना थरथरते का? एसी लावला की वाढतं? टाकी भरलेली असताना आणि रिझर्व्हवर असताना फरक पडतो? हिसका एकदम बसतो का आधी जोर कमी होतो?

शेवटच्या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इंजिन जागेवर चालू असतं तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असतो. सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाब कमी, त्यामुळे अशक्त ठिणगीसुद्धा प्लगच्या फटीतून सहज उडते. चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलला बारीक तडा असेल, वायरचं आवरण वाळलेलं असेल, प्लगची फट झिजून वाढलेली असेल, तर ठिणगी नेमकी अशा वेळी पळवाट शोधते. म्हणून ठिणगीचा दोष तुटक, धारदार हिसक्यांनी बोलतो.

पेट्रोल कमी पडण्याची चाल वेगळी असते. आधी जोर ओसरतो, पाय दाबूनही गाडी पुढे सरकत नाही, हिसके मागाहून येतात. तिसरा प्रकार सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. तो आतून वितळून चोंदला असेल तर गाडी हिसके देत नाही. कुणीतरी नाक दाबून धरल्यासारखी एका वेगाच्या वर जातच नाही. तिन्ही तक्रारींना आपण ‘पिकअप नाही’ एवढंच म्हणतो. मिस्त्रींनी त्या तीन वेगळ्या तक्रारी धरल्या होत्या. माझ्या गाडीत जोर आधी ओसरत होता.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री स्क्रू फिरवून कानाने मिश्रण जुळवायचे. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, एमपीएफआय आलं, आणि ते काम संगणकाकडे गेलं. तेव्हापासून एक समज रुजला आहे की स्कॅनर लावला की रोग कळतो. मुळात भारतात सामाईक पद्धतीचं ओबीडी-२ नव्या गाड्यांना बंधनकारक झालं एप्रिल २०१३पासून. त्याआधीच्या गाड्यांत ज्या त्या कंपनीची वेगळी भाषा असते, आणि बाजारातला स्वस्त स्कॅनर त्यातल्या बऱ्याच गाड्यांशी बोलूही शकत नाही.

कोड आला तरी तो लक्षणाचं नाव सांगतो, कारण सांगत नाही. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, इतकंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांपैकी गुन्हेगार कोण, हे त्यात लिहिलेलं नसतं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत याची फुकट परीक्षा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल दोषी. पहिल्यावरच राहिला तर दोष दुसरीकडे. दहा मिनिटांचं काम, एक रुपयाचा भाग नाही. हे न करता चारही कॉइल बदलणाऱ्या गॅरेजला मी निदान करणारं गॅरेज म्हणणार नाही.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे बघायला काही जण चालू इंजिनवर प्लगची वायर उपटतात. तसं करू देऊ नका. हजारो व्होल्टना वाट मिळाली नाही की कॉइल जाते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. पेट्रोलही थांबतं आणि उत्तरही मिळतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ती याच धोक्याची सूचना असते. तशी गाडी घरापर्यंत रेटू नये.

दाबाचा आकडा

मिस्त्रींची सगळ्यात आवडती तपासणी मी कुठल्याच गॅरेजमध्ये पाहिली नव्हती. ती पाहून मी चकित झालो, म्हणून तिला इथे जास्त जागा देतो.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत इंजिनात किती हवा गेली हे थेट मोजत नाहीत. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तो दाब, इंजिनाचा वेग आणि हवेचं तापमान यांवरून संगणक हवेचा हिशेब करतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. सेन्सर चुकला की सगळा हिशेब चुकतो. पण सेन्सर खरं बोलतोय हे कसं ओळखायचं?

मिस्त्रींनी चावी ऑन केली, इंजिन सुरू केलं नाही, आणि त्यांच्या जुन्या स्कॅनरवर एकच आकडा बघितला. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणजे सेन्सरने त्या गावचा हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, वाईत ९३, वर पाचगणीत ८७. ‘सह्याद्रीनेच फूटपट्टी दिलीय आपल्याला,’ मिस्त्री म्हणाले. वाईत उभी असलेली गाडी ८४ दाखवत असेल, तर संगणकाला हवा आहे त्यापेक्षा कमी वाटते, तो पेट्रोल कमी सोडतो आणि चढावर गाडी उपाशी राहते. माझ्या गाडीत आकडा ९३ आला. सेन्सर निर्दोष.

मग इंजिन सुरू करून तोच आकडा पाहिला. निरोगी गरम इंजिनात जागेवर तो साधारण ३० ते ४०च्या दरम्यान असतो. तो बराच वर राहिला तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप फुटलेला, व्हॉल्व्ह नीट न बसणारा, टायमिंग बेल्टचा एखादा दात सरकलेला, असे संशय घ्यायचे. इथेही सगळं ठीक निघालं. कॉम्प्रेशनच्या आकड्यांत चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच मागे असता, तर इंजेक्शन आणि ठिणगी यांच्यावर पुढे पैसा घालण्यात अर्थच नव्हता. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्या रोगावर बाकी कुठलाच उपाय चालत नाही, तो आधी वगळायचा.

घाटात नेलेला गेज

उरलं पेट्रोल. मिस्त्रींनी लांब नळीचा प्रेशर गेज इंधनाच्या लाइनला जोडला, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या काचेवर चिकटपट्टीने लावला आणि मला म्हणाले, ‘चला, जिथं दुखतं तिथंच बघू.’ गॅरेजमध्ये काटा ३ बारवर स्थिर होता. आधीच्या गॅरेजनेही तिथेच बघून पंप चांगला असल्याचा निर्वाळा दिला असणार. पसरणी घाटाच्या दुसऱ्या वळणानंतर काटा हलायला लागला आणि तिसऱ्या वळणावर २वर आला. त्याच क्षणी गाडी दमली.

पंप तर नवाकोरा होता. परत आल्यावर मिस्त्रींनी मागची सीट उचलली आणि पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपापाशी जेमतेम १०. उरलेले व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. शोधत गेलो तर बॉडीला अर्थिंगची वायर जोडणारा एक बोल्ट गंजलेला निघाला, सीटखालच्या ओलीत कित्येक पावसाळे काढलेला. पॉलिश पेपरने घासला, नवं वॉशर टाकलं, घट्ट आवळला, वर ग्रीस लावलं. पंपापाशी १३.५ व्होल्ट आले. जुना पंपही बहुधा निर्दोष होता. तो परत मिळणार नाही.

मग ई-२०चा दोष किती?

मी हाच प्रश्न विचारला. इतकी वर्षं तो बोल्ट गंजतच होता, मग गाडी आत्ताच का बसली?

उत्तर साध्या हिशेबात आहे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या किलोला फक्त ९. ई-२० मिश्रणाचं गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन सोडावं लागतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के. एरवी सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून ती भरून काढतो. पण पाय पूर्ण दाबला की बहुतेक जुन्या गाड्यांचा संगणक त्या सेन्सरकडे बघायचं थांबवतो आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता ई-२० डोळ्यांसमोर ठेवून केलेला नसतो. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच सांभाळून घेणारं कुणी उरत नाही.

माझ्या गाडीत पंप आधीच काठावर होता. जुन्या पेट्रोलवर तो कसाबसा पुरा पडत असे. वाढलेली मागणी त्याला झेपली नाही. ई-२०ने माझी गाडी बिघडवली नाही. बिघाड झाकून ठेवणारी सवलत तेवढी काढून घेतली. अर्धवट चोंदलेला फिल्टर, मंदावलेले इंजेक्टर, म्हातारा झालेला ऑक्सिजन सेन्सर, असे कितीतरी दोष जुन्या गाड्यांत आजवर गप्प होते. ते आता बोलायला लागले आहेत.

याचा अर्थ सरकारला आणि तेल कंपन्यांना मोकळं सोडावं असा मुळीच नाही. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे की ई-० साठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी घटेल. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि ओ-रिंग इथेनॉलला किती वर्षं टिकतील, ही चिंताही खरी आहे. ज्याच्याकडे २००६ची गाडी आहे, त्याला नवी परवडत नाही म्हणूनच ती आहे. त्याला पंपावर निवड मिळायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच माणसाला गॅरेजमध्येही न्याय मिळायला हवा. ‘पेट्रोलच खराब’ हे वाक्य त्याच्या खिशाला पेट्रोलपेक्षा महाग पडतंय. म्हणून भाग बदलायच्या आधी आकडा मागा. इंधनाचा दाब किती आला आणि तो चढावर मोजला का? पंपापाशी व्होल्ट किती? कॉम्प्रेशन किती? आकडा न सांगता पंप बदलायला निघालेल्या माणसाकडून गाडीची चावी परत घ्या.

दिवाळीत आम्ही पाचगणीला गेलो. टाकीत तेच ई-२०, गाडीत चौघं. पसरणीचं तिसरं वळण दुसऱ्या गिअरमध्ये निघालं. खाली उतरताना मिस्त्रींकडे थांबलो, तर त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं: तारीख, ९३, चार सिलिंडरचे चार आकडे, ३ आणि २, १० आणि १३.५. ‘डॅशबोर्डमध्ये ठेवा,’ ते म्हणाले, ‘पुढं कुठंही गाडी दाखवली तर आधी हे दाखवा. तेवढीच पुढच्याची मेहनत वाचंल.’