मुले, मोबाईल आणि सातचा भोंगा

शाळकरी मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. हे यंत्र मुलांच्या हाती देऊच नये, हे एक; आणि काळाबरोबर चालले पाहिजे, हे दुसरे. दोन्ही मते सांगणाऱ्यांच्या हातात त्या वेळी बहुधा मोबाईल असतोच! आम्हांस येथे सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारणतः अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते बोलावयाचे आहे, आणि तेही कामणसारख्या गावातील घर डोळ्यांपुढे ठेवून.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे यंत्र मुलांनी चोरून आणलेले नाही. ते आपण दिले. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. पुढे शाळा उघडल्या, परंतु मोबाईल मुलांच्या हातून परत आला नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या, मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांना आदल्या आठवड्याविषयी विचारले गेले. अभ्यासासाठी तो वापरला असे सांगणारी शेकडा ५७ निघाली आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी सुमारे ७६.

असे का व्हावे? मुले आळशी झाली म्हणून, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. चोच मारली की दर वेळी दाणा पडत असेल, तर दाणे बंद होताच कबूतर लवकरच नाद सोडते. परंतु दाणा केव्हा पडेल याचा नेमच नसेल, तर दाणे संपल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारीत राहते. मोबाईलच्या पडद्यावर अंगठा सरकवणाऱ्या मुलाचे याहून वेगळे नाही. चार चित्रफिती टाकाऊ, पाचवी मजेची, मग सात टाकाऊ. आणि याला शेवट नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, चित्रपटाला ‘समाप्त’ची पाटी असते, कीर्तनालाही आरती असते, येथे तसे काही मुद्दामच ठेवलेले नाही, कारण डोळे जितका वेळ पडद्यावर, तितक्या जाहिराती अधिक.

इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर १३ वर्षांखाली खाते उघडता येत नाही. तरी सहावीतल्या मुलाचे खाते असते. जन्मसाल खोटे टाकलेले असते, आणि पुष्कळ घरी ते थोरल्या भावानेच टाकून दिलेले असते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, मुलांना दंड ठेवला नाही. हे उचित झाले असे आम्हांस वाटते. पण कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो.

उंबऱ्याच्या आत काय करता येते, हे सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली करून दाखविले. १४ ऑगस्टला गावातील स्त्रियांची सभा झाली, भोंगा घेण्याचे ठरले, आणि तो देवळावर बसला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद, मुले पुस्तकांपुढे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत. याचे मर्म भोंग्यात नाही. तो मुलांसाठी वाजे, परंतु त्या वेळी आईची मालिकाही थांबे आणि वडिलांचा मोबाईलही. ‘तू बंद कर’ याऐवजी ‘आपण बंद करू’ असे ते झाले.

आता हाच भोंगा कामणला आणून बसवावा काय? आम्हांस शंका आहे. चिंचोटी–अंजूरफाटा रस्त्यावरच्या गोदामांत आणि कारखान्यांत पाळीने जाणारा माणूस सातला घरी नसतो. कामण रोड स्थानकावरून जाणाऱ्या वसई–दिवा मार्गाच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की घरी येण्याची वेळ कोठच्या कोठे जाते. ज्या घरात एकच मोबाईल आहे तेथे तो त्याच्याच खिशातून रात्री येतो, आणि मुलाची ओढ तेव्हाच सुरू होते. सातला वाजलेला भोंगा आजी आणि नातू दोघेच ऐकतील.

दुसरी अडचण शाळेकडूनच येते. गृहपाठ रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवावयाचा आणि सकाळी पालकांना मोबाईल काढून घेण्याचा उपदेश करावयाचा, हे एकत्र बसत नाही. गृहपाठ फळ्यावर लिहावा, मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. पालकसभेत एवढी एक मागणी झाली तरी मुलाच्या हातची ‘अभ्यास पाहतोय’ ही सबब जाईल.

उरली वेळ. ती पाड्यापाड्याने निराळी ठरवावी लागेल. कोठे साडेआठ, कोठे नऊ, जेव्हा कामावरचे माणूस हातपाय धुऊन जेवावयास बसते तेव्हा. घरात एक फळी नेमावी, तेथेच मोबाईल चार्जिंगला लागावा आणि रात्रभर तेथेच राहावा, अंथरुणात येऊ नये. त्या फळीवर पहिला मोबाईल वडिलांनी ठेवावा, मग आईने, आणि मुलाला नंतर सांगावे.